पावगडचं उधाण

मुक्काम पावगडच्या पुढे, सोलर कंपनीच्या मागे
रविवार, जेवण झाल्यावर

तीर्थरूप धोंडुआत्येस,

तुझ्या साहिलचा प्रभूमध्ये सलाम. वाकून नमस्कारही घे, कारण नुसता सलाम केला तर तू म्हणशील पोरगं कर्नाटकात जाऊन शिष्ट झालं. तुझ्या गुडघ्याचं कसं? रविवारी रोह्याला जाताना पेण स्टेशनचा पूल चढतेस की अजून मध्येच बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सुवार्ता सांगतेस? काळी शेळी व्याली का? रोह्याच्या मंडळीला माझा सलाम सांग. बाबाचं मी काही विचारत नाही, तो बराच असेल. (खोकला थांबला का? पण मी विचारलं असं सांगू नको.)

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. आत्ये, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मागच्या वेळी तू शेजारणीच्या पोराचं लग्न मोडलं तिथपासून ते परत जमलं तिथपर्यंत सगळं सांगितलंस, आणि मी त्यात फक्त ‘व्हय’ आणि ‘नाय’ एवढंच घातलं. बाबाला फोन दे म्हटलं तर तू देतेस, पण तो लांबूनच ओरडतो, ‘जेवतोय!’ सकाळी केला तरी जेवतोय, दुपारी चहाच्या वेळेला केला तरी जेवतोय. एवढं जेवणारा माणूस इतका सुकलेला कसा, हे मला कोडं आहे. दुसरं कारण म्हणजे माझा मोबाईल पाण्यात पडून मेला, ती हकीकत पुढे येईल. तिसरं कारण पत्राच्या शेवटी. तू फक्त नेहमीसारखं मोठ्याने वाच. तुला मनात वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे, तू शास्त्र वाचायला बसलीस की रस्त्यावरचा एसटीवाला काच खाली करून ऐकतो.

आता बातमी. तुझा भाचा इथल्या मंडळीत पाण्याचा प्रमुख झाला. हसू नको. पाळकांनी सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं, टाळ्या झाल्या. मला माहीत आहे, गावात कोणी मानणार नाही. माझी मागची कीर्ती तशीच आहे. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मी सोंडेपर्यंत रंगवलं आणि पळालो (पोट मालकाने रंगवलं). रोह्याला कंपनीत रात्रीची शिफ्ट लागली, ती अर्ध्या रात्रीत सोडली. निडीला मंडप बांधायला गेलो, अर्धा उभा केला आणि पॅसेंजर आली म्हणून चढलो. त्या बिचाऱ्यांचं लग्न अर्ध्या मंडपातच लागलं. म्हणून तर पेण स्टँडवर बाबा जे बोलला ते बोलला. तू तेव्हा माझ्या पिशवीत सुकट कोंबत होतीस, पण ऐकलं असशीलच. ‘एक काम पुरं करून दाव, मगच बोल माझ्याशी.’ माझ्या प्रार्थनेला जाण्यावर त्याचा राग कधीच नव्हता. तुझा देव तुझ्यापाशी, माझा माझ्यापाशी, असं म्हणायचा आणि रविवारी गाडी चुकेल म्हणून आपणच मला लाथ मारून उठवायचा. त्याचा राग फक्त अर्ध्या कामावर. मिठागरात जन्म गेलेला माणूस, त्याला अर्धा घातलेला बांध दिसला की पोटात दुखतं.

तर इथे जिकडे बघशील तिकडे काचा. ऊन पिणाऱ्या काचा, आपल्या खाजणाएवढ्या पसरलेल्या. आम्ही पहाटे उठून त्या धुतो, लांब दांड्याच्या रबरी वायपरने. (हा वायपर लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.) पाणी टँकरचं. तू आयुष्यात जेवढा चिखल पाहिलास तेवढी इथे धूळ. मंडळी भरते टायरच्या दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये. पाळक जयराज कन्नड आहेत, माझ्याशी हिंदीत बोलतात. त्यांची हिंदी माझ्याहून वाईट, त्यामुळे आमचं चांगलं जमतं. आमचा सुपरवायझर मॅथ्यूसाहेब केरळचा, तोही तिथेच येतो. आठवडाभर मला ओरडतो आणि रविवारी माझ्या शेजारी बसून डोळे मिटतो.

मी आल्याबरोबर सेवा मागितली. तू शिकवलंयस ना, मंडळीत हात बांधून बसायचं नाही. पहिली सेवा चपलांची. दारात चपला नीट लावायच्या. मी त्या मापाने लावल्या, लहानापासून मोठ्यापर्यंत, अशी सुंदर ओळ की लोक आत जायचे थांबले. बाहेर पडताना मात्र निम्मी मंडळी दुसऱ्यांच्या चपला घालून घरी गेली. मग माईकची सेवा मिळाली. साक्ष देणाऱ्याला माईक द्यायचा, एवढंच. मी द्यायचोही, आणि साक्ष लांबली की काढूनही घ्यायचो. मंडळीला आवडलं, पाळकांना नाही. मग मला लहान मुलांच्या वर्गात बसवलं, तिथे काय बिघडवेल, असं वाटलं असणार.

तिथे नोहाची गोष्ट निघाली. आत्ये, जलप्रलय म्हणजे आपल्याला काय नवीन? मी पोरांना सांगितलं, आधी कुठेतरी बांधाला खांड गेली असणार, उधाणाचं पाणी आत शिरलं असणार, आणि ओहोटीला उघाडी सोडायला कोणी जागेवर नसणार. (उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, हे समजवायला मला फळा भरून चित्र काढावं लागलं. मासे काढले तेव्हा कुठे पोरं गप्प बसली.) एका पोरीने विचारलं, मग नोहाने काय करायला हवं होतं? मी म्हटलं, एवढी वर्षं तारू बांधत बसला, त्यात गाव गोळा करून बांध घातला असता तर सगळेच वाचले असते. पोरांना ते फार पटलं. त्यांनी घरी जाऊन आईबापांना सांगितलं. पुढच्या रविवारी पाळकांनी मला बाजूला बोलावलं तेव्हा मला वाटलं, गेली ही पण सेवा.

पण पाळक आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, ‘तुम को पानी का बहुत मालूम.’ मी म्हटलं, मालूम म्हणजे काय, आमच्या बापजाद्यांनी समुद्र अडवलाय. तेव्हा त्यांनी अडचण सांगितली. इथे बाप्तिस्मा दरवर्षी गावाबाहेरच्या तळ्यात होतो. औंदा तळं आटलं, मध्यभागी पोरं क्रिकेट खेळतात. बाप्तिस्म्याची माणसं वर्षभर शिकून तयार, रविवार ठरलेला, आणि बुडवायला पाणी नाही. टँकरभर पाणी मिळेल, पण ते धरायचं कशात? मला हिंदीत काय म्हणावं ते सुचलं नाही म्हणून मी नुसतं ‘व्हय’ म्हटलं आणि पाण्याचा प्रमुख झालो.

शिष्यत्वाच्या वर्गात पाळक सांगतात की शिष्याने गुरूचं काम हातात घेतलं की ते खाली ठेवायचं नाही. मी ते ऐकलं तेव्हा चमकलोच, म्हटलं हे तर मी पेण स्टँडवर ऐकलंय. म्हणून ठरवलं, हे काम सोडायचं नाही, कितीही पॅसेंजर आल्या तरी. (इथे पॅसेंजर येतही नाही, पण मनाची तयारी सांगतो.)

शेडमागे मोकळी जागा होती. आटलेल्या तळ्यातला गाळ ट्रॅक्टरने आणून टाकला आणि मग आत्ये, मी मंडळीला पाय मारायला शिकवलं. तू असतीस तर छाती फुगून गेली असती. एका ओळीत बायका, बाप्ये, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेले पाळक, सगळे कमरेवर हात ठेवून चिखल तुडवतायत, तोंडाने कन्नड भजन, आणि मी पुढे उलटा चालत, ‘टाच! आधी टाच!’ मॅथ्यूसाहेब ओळ सोडून चवड्यावर नाचायला लागला, त्याला मी असा ओरडलो की तो ‘सॉरी सर’ म्हणाला. मला सर! बाबा मला जसा ओरडायचा तसेच शब्द तोंडात आले, फक्त शिव्या गाळल्या, देवाचं काम म्हणून.

बांध सुतात आले. तळ असा बसला की त्यात आभाळ दिसावं. फक्त एका कोपऱ्यात पाणी आत घ्यायला तोंड ठेवलं होतं, तिथे मी वाळूच्या गोण्या रचल्या. त्यातून जरा झिरपणार हे दिसतच होतं. मॅथ्यूसाहेब म्हणाला, चिखल लावून बुजवून टाक की. मी म्हटलं, आमच्यात असंच असतं. तो बिचारा सॉरी सर म्हणाल्यापासून माझ्याशी वाद घालत नाही.

हे सगळं चाललं असताना एस्तेरम्मा नावाची म्हातारी रोज बांधावर येऊन बसायची आणि आम्हाला ताक पाजायची. मंडळीतली सगळ्यात जुनी विश्वासणारी, पण बाप्तिस्मा झालेला नाही. गुडघे तुझ्यापेक्षा वाईट. तळ्याचा काठ उभा आणि शेवाळलेला, दोनदा गेली आणि दोन्ही वेळा काठावर बसून, इतरांचे कपडे सांभाळून, कोरडीच परत आली. आता म्हणते, मी कोरडीच वर जाणार, तो काय ते ओळखून घेईल. हसत म्हणते, पण म्हणताना पदराचं टोक पिळत बसते.

बुधवारी टँकर आला. सगळी मंडळी भोवती उभी. पाणी सोडलं, ते पसरलं, चारी कोपऱ्यांना पोचलं, आणि घोट्याच्या वर येऊन थांबलं. टँकर रिकामा. पाळकांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, ‘बेटा, इस में किस को डुबाना है? मुर्गी को?’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आत्ये, माझ्या पायांना पाण्याचं एकच काम येतं. ते पसरट धरायचं आणि उन्हात आटवायचं. मी देवाच्या कामाला मिठागर बांधलं होतं! पण खोटं कशाला बोलू, बांधलं होतं उत्तम. कोणी म्हणालं मध्ये खड्डा खणू, तर मी तळावर आडवा पडलो. पाय मारलेल्या तळाला कुदळ लागली की पाणी ठरत नाही, हे मला बाबाने चालता येण्याआधी शिकवलंय. दुसरा टँकर मागितला तर टँकरवाल्याच्या घरी लग्न निघालं. आणि ऊन आपलं काम करत होतं. शनिवारी बांधाच्या कडेने पांढरी रेघ उमटली. मी बोटाने उचलली, जिभेवर ठेवली. टँकरने आणलेलं बोअरचं पाणी खारं होतं, आत्ये! ह्या मुलखात माझ्या माहितीत कोणी मीठ पिकवलं नव्हतं, ते मी पिकवलं. पाळक रडकुंडीला आलेले आणि मी त्यांच्यामागे चिमूट घेऊन धावतोय, चाखून तरी बघा. मिठाबद्दल प्रभू काय बोललाय तेही सांगायला गेलो, तर म्हणाले, ‘बाद में, बेटा, बाद में.’

त्या संध्याकाळी मी एकटाच तिथे होतो. पाण्यावर धूळ बसली होती, ती काढावी म्हणून कंपनीचा वायपर घेतला आणि ढकलायला लागलो. रागाने जरा जोरात ढकललं. पाणी पुढे सरकलं, उचललं, आणि समोरच्या बांधाला धडकून माझ्या गुडघ्यापर्यंत उभं राहिलं. मी तसाच मॅथ्यूसाहेबाच्या खोलीवर पळालो. म्हटलं, साहेब, सगळे वायपर द्या आणि सगळे काचा धुणारे द्या. कशाला विचारलं तर म्हटलं, उद्या भरती आणायचीय.

रविवारी आम्ही काचा धुणारे एका बांधाला वायपर घेऊन रांगेत उभे. समोरच्या बांधापाशी पाळक. पहिला ट्रॅक्टरवाला. त्याला तळावर बसवला, मग उताणा निजवला, नाक-तोंड वर, बाकी खाली. पाळकांनी पित्याच्या, पुत्राच्या म्हणायला सुरुवात केली आणि आमच्यातल्या एका उतावळ्याने (मीच तो) ‘चलो’ म्हटलं. लाट पवित्र आत्म्याच्या आधीच पोचली. ट्रॅक्टरवाला नीट भिजलाच नाही, कारण ती पाळकांना लागली. ते आडवे झाले, त्यांचा बाप्तिस्मा दुसऱ्यांदा झाला. मॅथ्यूसाहेब माझा मोबाईल घेऊन व्हिडिओ काढत होता, तो बसला पाण्यात, मोबाईल त्याच्याखाली. म्हणून व्हिडिओ नाही, पत्र आहे. पण दुसरी लाट! पाळकांनी हात खाली केला, आम्ही सगळ्यांनी मिळून टाच रोवली, आणि ती अशी उठून गेली की ट्रॅक्टरवाला दिसेनासा झाला आणि मग फुरफुरत उठून ‘हालेलुया’ म्हणाला. पुढचे सगळे एका लाटेत एकेक. एकही लाट वाया नाही.

सगळं झालं असं वाटलं आणि बांधावर काठी पडल्याचा आवाज आला. एस्तेरम्मा उठली होती. तिला हात द्यायला दोघे धावले, तिने त्यांना झिडकारलं. बांध उतरली. तळ सपाट, कडक, शेवाळ नाही, पाणी घोट्याला. घरच्या अंगणात चालावं तशी चालत मध्ये आली आणि आरामात बसली. मग पाळकांना कन्नडमध्ये काही बोलली आणि सगळे हसले. मला नंतर सांगितलं, ती म्हणाली, ‘एवढंच होतं होय? मला कोणी सांगितलं का नाही?’ मग आमच्याकडे बघून दोन्ही हात असे पसरले, की मोठी आण.

आत्ये, मी आणली. मधला वायपर माझा होता. आपल्या धरमतरच्या खाडीला पुनवेला येतं तसं उधाण मी पावगडला आणलं. म्हातारी त्याच्याखाली गेली, वर नुसते पांढरे केस तरंगले, आणि मग ती वर आली, चूळ टाकली आणि ओठ चाटून ओरडली, ‘खारट!’ त्यानंतर काय विचारतेस. ज्यांची कंबर धरलेली, ज्यांना तळ्याची भीती, तीनचाकीवर बसणारा एक शिंपी, सगळे जे वर्षानुवर्षं काठावर कपडे सांभाळत होते ते रांगेला लागले. पाळक म्हणाले, हे सगळे शिकून कधीचे तयार आहेत, उतरता येत नव्हतं एवढंच. संध्याकाळपर्यंत आमचे हात गळून पडले. आता वस्त्यांवरच्या मंडळ्या त्यांची म्हातारी माणसं घेऊन पुढच्या महिन्यात येणार आहेत, आणि सेवेला निघताना पाळक मला गाडीत पुढे बसवतात. लोकांना सांगतात, हा समुद्राकडचा. मी मान ताठ ठेवतो. समुद्राकडचा आहेच मी.

तिथल्या सगळ्यांना माझ्यासाठी प्रार्थनेत आठवण ठेवायला सांग, आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझा, मंडळीतल्या पाण्याचा प्रमुख,
कान्हूचा साहिल

ता. क. गोण्यांचं सांगायचं राहिलं. विठूआजा होता तेव्हा आपल्या मिठागराचं शेवटचं तोंड तो स्वतःच्या टाचेने बुजवायचा, तो गेल्यावर बाबा. घरातला मोठा असताना धाकट्याने तिथे पाय ठेवायचा नाही. मिठागर बंद पडलं, बाबा जेटीवर वॉचमनची खुर्ची घेऊन बसला, तेव्हापासून त्याच्या टाचेला काम नाही. इथे मी चिखलाचा गोळा लावला, टाच उचलली, आणि ठेवता येईना. म्हणून गोण्या. त्या झिरपतात. म्हणजे बघ, वर एवढं मिरवलं खरं, पण काम पुरं झालेलं नाही आणि माझ्याने होणारही नाही. पुढच्या महिन्याआधी बाबाला इथे पाठव. त्याला पाण्यात उतर असं कोणी म्हणणार नाही, पाळकांना मी बजावलंय आणि तेही म्हणाले, बापाने बांधावर आपल्या देवाचं नाव घ्यावं आणि टाच मारावी. बाकी त्याच्याकडून काही नको.

ता. क. दुसरं. पत्राचं तिसरं कारण. तुझ्या आणि बाबाच्या घरामध्ये एकच भिंत आहे आणि ती छपरापर्यंत पोचत नाही. तेव्हा हे पत्र ओट्यावर वाचलं असशील तर उपयोग नाही. तो जेटीवरून आला की आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पुन्हा वाच. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला तर समज ऐकतोय. ‘जेवतोय’ म्हणाला तर पहिल्यापासून सुरू कर.

ता. क. तिसरं. सोबत पुडीत माझं मीठ आहे. (शनिवारचं आहे, माणसं उतरायच्या आधीचं.) वाचून झालं की ते बाबाच्या हातावर ठेव. तो जिभेला लावील, थुंकेल आणि म्हणेल, ‘ह्या मीठ नाय, खार हाय. तोंड उघडा ठेवून कधी मीठ होतंय का!’ त्याला म्हणू दे, अडवू नको. तेवढ्यात पाठीमागे लिहिलेला मॅथ्यूसाहेबाचा नंबर लाव आणि फोन त्याच्या कानाला धर. तोंडात खार असताना त्याला जेवतोय म्हणता यायचं नाही.